मागच्या दाराचा आक्षेप

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठात इतिहास, अर्थशास्त्र अथवा जीवशास्त्र शिकण्यासाठी नाव घातलेला विद्यार्थी वर्षभराने त्याच विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊ म्हणतो, तेव्हा त्याच्या या इच्छेची संभावना ‘मागच्या दाराने घुसणे’ अशा शब्दांत करण्याचा जो शिरस्ता तेथील कचेऱ्यांत आडून आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींच्या बैठकांत उघडउघड पडून गेला आहे, त्याचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. इकडच्या वाचकांसाठी एक खुलासा आधी केला पाहिजे. तिकडे विद्यापीठाचे कॉलेज म्हणजे आपल्याकडच्यासारखी वेगळ्या गावातली, वेगळ्या संस्थेने चालविलेली, वेगळ्या प्राचार्यांची इमारत नव्हे. एकाच आवारात, एकाच कुलगुरूंच्या अमलाखाली नांदणारी ती विद्याशाखा होय. विद्यार्थी तेच ग्रंथालय वापरतो, त्याच खानावळीत जेवतो, पुष्कळदा त्याच वर्गात बसतो; परंतु प्रवेश त्याला विद्यापीठात सरसकट न मिळता एका विशिष्ट कॉलेजात मिळालेला असतो, आणि तेथून इंजिनिअरिंगकडे जावयाचे तर नव्याने अर्ज करून, गुणपत्रके जोडून मंजुरीची वाट पाहत बसावे लागते. इलिनॉय विद्यापीठात या बदलास एक नाव आहे, पर्ड्यूत दुसरे, बर्कलेत तिसरे. मामला सगळीकडे एकच.

विरोधी पक्ष मी आधी त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. माझे एक स्नेही, व्हीजेटीआयचे जुने पदवीधर आणि मिडवेस्टातील एका कारखान्यातून सन्मानाने निवृत्त झालेले यंत्रविशारद, हा पक्ष फार आवेशाने चालवितात. त्यांचे म्हणणे असे, की ज्याने शाळेत असतानाच ध्येय निश्चित केले, गणित आणि विज्ञान यांचे अवघड विषय घेतले, हजारोंच्या स्पर्धेत उतरून सतराव्या वर्षी इंजिनिअरिंगची जागा जिंकली, त्याच्या शेजारी सोप्या कॉलेजातून आत आलेल्या आणि मग हळूच कड बदललेल्या मुलाला आणून बसविणे हा पहिल्यावर उघड अन्याय होय. शिवाय प्रयोगशाळा, यंत्रे आणि अध्यापक मोजके, म्हणून जागाही मोजक्या, आणि त्या भरल्या की भरल्या. आणि हा दरवाजा किलकिला ठेवला की सल्लागारांचा धंदा करणारे लोक श्रीमंत पालकांना ‘आधी कोठूनही आत शिरा, मग बघू’ हा मंत्र विकतात, त्यामुळे सरळ मार्गाने जाणारा मूर्ख ठरतो. या तिन्ही हरकती पोकळ आहेत असे मी म्हणत नाही. शेवटची तर अगदी खरी आहे. पण तिन्हींवरून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यांपैकी एकीतूनही निघत नाही.

न्यायाचा मुद्दा घेऊ. सतराव्या वर्षी जिंकलेली जागा कशाच्या बळावर जिंकलेली असते? शाळेचे गुणपत्रक, शिक्षकांची शिफारसपत्रे, स्वतःविषयी लिहिलेला एक निबंध (जो पुष्कळदा वडिलांनी, नाहीतर पगारी सल्लागाराने, तीनदा दुरुस्त केलेला असतो), आणि रोबोटांच्या स्पर्धांपासून वृद्धाश्रमातील सेवेपर्यंत पसरलेली उपक्रमांची यादी, एवढ्या ऐवजावर प्रवेशाची कचेरी असा अंदाज बांधते, की या मुलाला पुढे कॅल्क्युलस आणि यामिकी झेपेल. अंदाज म्हणून तो वाईट नसेल. पण तो अंदाजच. आता दुसऱ्या कॉलेजातून येऊ पाहणाऱ्याकडे पाहा. इलिनॉयमध्ये इंजिनिअरिंगकडे वळू इच्छिणाऱ्याने कॅल्क्युलस, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्रातली यामिकी हे विषय आधी करून दाखवावयाचे असतात, आणि हे विषय त्याच्यासाठी वेगळे, सौम्य केलेले नसतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुले ज्या वर्गात बसतात त्याच वर्गात तो बसतो. परीक्षेच्या संध्याकाळी शेकडो मुले निरनिराळ्या व्याख्यानगृहांतून एकच प्रश्नपत्रिका सोडवितात: उतरणीवरून घरंगळणारी तीच चकती, कप्पीवरून टांगलेली तीच दोन वजने, घर्षणाचा तोच गुणांक. पेपर तपासणाऱ्याला समोरचे उत्तर कोणत्या कॉलेजातल्या मुलाचे आहे याची गंधवार्ता नसते आणि गरजही नसते. म्हणजे ज्या गोष्टीविषयी सतराव्या वर्षी केवळ अंदाज होता, तिच्याविषयी एकोणिसाव्या वर्षी पुरावा हाती आलेला असतो. आणि आमचे स्नेही आम्हांला असे सांगतात, की अंदाजाने मिळालेला हक्क अव्वल आणि पुराव्याने मागितलेला हक्क दुय्यम.

इतकेच नव्हे. त्या परीक्षेचा निकाल लागल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. सरळ प्रवेश मिळालेल्या मुलाला या विषयांत जेमतेम गुण मिळाले, त्याचा एकूण गुणांक चारपैकी दोनच्या आसपास राहिला, तरी तो सामान्यतः इंजिनिअरिंगमध्ये कायम राहतो. बाहेरून येऊ पाहणाऱ्याला मात्र तीनच्या बऱ्याच वर गुणांक दाखवावा लागतो, आणि तो दाखवूनही मंजुरीची हमी नसते. एकाच प्रश्नपत्रिकेत ज्याने अधिक गुण मिळविले तो दाराबाहेर आणि ज्याने कमी मिळविले तो आत, हा प्रकार न्यायाच्या नावाने चालावा यात मला मोठी मौज वाटते. ‘मागचे दार’ म्हणतात ते वास्तविक पुढच्या दारापेक्षा अरुंद आहे. त्यातून जो येतो तो अंग चोरून नव्हे, दुप्पट झडती देऊन येतो.

आणि ज्या भिंतीत हे दार आहे ती भिंत तरी कोठून गेली आहे? इलिनॉयचा भौतिकशास्त्र विभाग हा मुळी इंजिनिअरिंग कॉलेजाचाच घटक आहे, आणि तेथे भौतिकशास्त्राची पदवी इंजिनिअरिंग आणि साहित्य-विज्ञान या दोन्ही कॉलेजांमार्फत घेता येते. अध्यापक तेच, प्रयोगशाळा त्याच. दफ्तरात मात्र एक विद्यार्थी इंजिनिअरिंगचा आणि दुसरा नव्हे. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ साली आणि अतिवाहकतेच्या उपपत्तीबद्दल १९७२ साली, असे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळविणारे जॉन बार्डीन याच विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांचे प्राध्यापक होते. ते स्वतः विस्कॉन्सिनचे विद्युत अभियंते; पुढे प्रिन्स्टनला जाऊन त्यांनी गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. इंजिनिअरिंगमधून शुद्ध विज्ञानाकडे जाणाऱ्या माणसाला आपण व्यापक बुद्धीचा म्हणून गौरवितो. तोच प्रवास उलट दिशेने करू पाहणाऱ्या पोराला आपण त्याची जागा दाखवून देतो.

स्नेह्यांच्या युक्तिवादात सतराव्या वर्षाला जवळजवळ धार्मिक प्रतिष्ठा आहे. ज्याला तेव्हा कळले नाही त्याला कधीच कळावयाचे नाही, असा काहीसा त्यांचा समज दिसतो. पण खुद्द इंजिनिअरिंग कॉलेजांचाच या समजावर विश्वास नाही, हे त्यांच्या लक्षात आलेले नाही. पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगला येणारा नवा विद्यार्थी स्थापत्य, यंत्र, विद्युत किंवा विमानविद्या अशा शाखेत थेट दाखल होत नाही. पहिले वर्ष सर्वांना समान असते, आणि त्या वर्षातला अनुभव व गुण पाहून शाखा ठरते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातही नवागत सामान्य इंजिनिअरिंगमध्ये येतो आणि शाखेचा निर्णय वर्षानंतर होतो. या व्यवस्थेमागचा विचार अतिशय शहाणपणाचा आहे: सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पूल बांधावयाचे की विद्युतमंडले आखावयाची हे उमजेलच असे नाही, त्याला वर्षभर विद्येचा वास घेऊ द्यावा. ठीक. परंतु ज्या मुलाला पूल आणि विद्युतमंडल यांतला निवाडा सतराव्या वर्षी करता येत नाही असे आपण अधिकृतपणे मान्य करतो, त्याच मुलाने इतिहास आणि इंजिनिअरिंग यांतला निवाडा मात्र त्याच वर्षी, त्याच अर्जावर, कायमचा केला पाहिजे, ही अपेक्षा कोणत्या तर्कशास्त्रात बसते? कुंपणाच्या आत संशयाचा फायदा आणि कुंपणाबाहेर जन्माची सजा असा हा कायदा आहे.

शाळेत असताना ध्येय निश्चित न करण्याला केवळ आळस कारण असतो असेही नाही. अमेरिकेतल्या साधारण निम्म्या सरकारी माध्यमिक शाळांत कॅल्क्युलस हा विषय शिकविलाच जात नाही, ही गोष्ट आपल्या मंडळींना सहसा ठाऊक नसते, कारण आपली मंडळी घर घेतानाच शाळा पाहून घेतात. आयोवातल्या किंवा दक्षिण इलिनॉयमधल्या एखाद्या लहान गावातली शेतकऱ्याची मुलगी, जिच्या शाळेत बीजगणिताच्या पुढे जाण्याची सोयच नव्हती, ती विद्यापीठात येऊन पहिल्या सत्रात कॅल्क्युलस शिकते, तिला त्याची गोडी लागते, दुसऱ्या सत्रात यामिकीत ती पहिल्या फळीत येते आणि मग तिच्या मनात इंजिनिअर होण्याचा विचार येतो. त्यापूर्वी तो विचार तिने कोठून आणावयाचा होता?

आता जागांचा प्रश्न. येथे प्रतिपक्षाला जे द्यावयाचे ते मोकळ्या मनाने दिले पाहिजे. प्रयोगशाळेत टेबले मोजकी असतात, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करणारा अध्यापक चाळीस गट सांभाळू शकत नाही, आणि संगणकशास्त्राकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत जो लोंढा लोटला त्याने चांगल्या चांगल्या विभागांची दमछाक केली, हे सगळे खरे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पूर्वी प्रत्येक विभाग दुसऱ्या वर्षी आपापले विद्यार्थी निवडून घेई, त्यामुळे दोन वर्षे तयारी करून शेवटी हात हलवीत परत जाणाऱ्यांची संख्या फार होऊ लागली, म्हणून २०१८ पासून तेथे पहिल्याच वर्षी थेट कॉलेजात प्रवेश देण्याची पद्धत सुरू झाली. आत आलेल्यांच्या दृष्टीने ती दयाळूपणाची सुधारणा होती. परंतु जागा मोजक्या आहेत एवढ्यावरून त्या पहिल्याच दिवशी सगळ्या वाटून टाकल्या पाहिजेत हे सिद्ध होत नाही. मोजक्या वस्तूचे वाटप कोणत्या कसोटीवर करावे हा वादाचा विषय आहे, आणि त्या वादात ‘वस्तू मोजकी आहे’ हे उत्तर नव्हे, तो प्रश्नच आहे.

शिवाय या जागा पहिल्या दिवशी भरल्या तरी भरलेल्या राहतात काय? इंजिनिअरिंगच्या गळतीविषयी अमेरिकेत गेली कित्येक वर्षे अहवालांवर अहवाल निघत आहेत. देशाला अभियंते कमी पडतात, पहिल्या दोन वर्षांत मुले सोडून जातात, त्यांना कसे थोपवावे, अशी चिंता त्यांत असते. २००८ साली मॅथ्यू ओहलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक विद्यापीठांच्या दफ्तरांतील हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन’ या नियतकालिकात जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो या चिंतेची दिशाच बदलणारा आहे. टिकून राहण्याच्या बाबतीत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांपेक्षा मागे नाहीत असे त्यांना आढळले. वेगळेपण निघाले ते दुसरीकडेच. आठव्या सत्रात इंजिनिअरिंगमध्ये असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले पहिल्या दिवसापासूनच तेथे होती. इतर विद्याशाखांच्या गटांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही खाली होते. म्हणजे इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, जीवशास्त्राच्या वर्गांतून मुले निघून जातात तशी नवी येतातही. इंजिनिअरिंगमध्ये जावक सगळ्यांसारखीच, पण आवक जवळजवळ नाही. मुले जातात ही तक्रार करणाऱ्यांनी मुले येत का नाहीत हा प्रश्न विचारला नाही, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच कचेरीच्या दारावर लावलेले होते.

जाणाऱ्यांविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे, कारण त्यांच्या रिकाम्या खुर्च्या या वादात साक्षीदार आहेत. एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्यूइट यांनी १९९७ साली ‘टॉकिंग अबाउट लीव्हिंग’ या ग्रंथात विज्ञान आणि इंजिनिअरिंग सोडून गेलेल्या व राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून असे दाखवून दिले, की सोडणारे हे राहणाऱ्यांपेक्षा बुद्धीने उणे नव्हते. अध्यापनाविषयीच्या तक्रारी दोन्ही गटांच्या सारख्याच होत्या. तेव्हा आत आहे तो लायक आणि बाहेर आहे तो नालायक, ही सरळ रेघ आतून बाहेर जाणाऱ्यांच्या बाबतीतही खरी ठरत नाही, मग बाहेरून आत येणाऱ्यांच्या बाबतीत ती कशी खरी ठरावी? आणि क्षमता ही काही निसर्गाने नेमून दिलेली राशी नव्हे. टेक्सास ए अँड एमने २०१३ साली ठरविले की २०२५ पर्यंत इंजिनिअरिंगची विद्यार्थिसंख्या २५,००० वर न्यावयाची. ठरविले म्हणजे ठरविता येते. जे विद्यापीठ तसे ठरवीत नाही त्याने ‘जागा नाहीत’ म्हणण्याऐवजी ‘जागा वाढवावयाच्या नाहीत’ असे म्हणावे, म्हणजे निदान चर्चा सरळ होईल.

एक बारीकसा कारकुनी अडथळा येथे नोंदवून ठेवतो, कारण धोरणापेक्षा अशाच गोष्टींनी माणसे अधिक गांजतात. इंजिनिअरिंगकडे यावयाचे तर काही विषय आधी केलेले हवेत. त्यांतले काही, म्हणजे स्थितिकी किंवा प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक पाठ, नोंदणीच्या पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. निर्बंध उठतो तोवर वर्ग भरलेला असतो. विद्यार्थी आपल्या कॉलेजातल्या मार्गदर्शकाकडे जातो, तो त्याला इंजिनिअरिंगच्या कचेरीत पाठवितो, इंजिनिअरिंगची कचेरी म्हणते तू आमचा नव्हेस, तुझ्या मार्गदर्शकाला विचार. विषय नाही म्हणून प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून विषय नाही. इतके होऊनही जो निर्धाराने उन्हाळी सत्रात तो विषय पुरा करतो, त्याच्याकडे चिकाटी नाही असे म्हणण्याची माझ्या स्नेह्यांची तयारी असेल तर माझी नाही.

सल्लागारांच्या धंद्याविषयी मात्र मला आणि माझ्या स्नेह्यांना सारखीच चीड आहे. आपल्या मंडळींच्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या पंगतीतसुद्धा हा व्यवहार चालतो: कोणत्या कॉलेजात अर्ज कमी येतात, कोणता विषय ‘सोपा’ आहे, भाषाशास्त्राची आवड दाखविणारा निबंध कसा लिहावा, आणि मग दोन सत्रांनी संगणकाकडे कसे सरकावे. ज्या मुलाला भाषाशास्त्राचे काडीइतके प्रेम नाही त्याच्याकडून त्या विषयावर प्रेमपत्र लिहवून घेणाऱ्या आईबापांचे समर्थन मी करणार नाही. परंतु मार्ग बंद केल्याने त्यांचे काय बिघडते? ही मंडळी नियम तोंडपाठ असलेली असतात. इलिनॉयचे दार लागले की ती मिनेसोटाकडे वळतात, तेही लागले तर खाजगी विद्यापीठाचे शुल्क भरतात. त्यांचा सल्लागार नवा नकाशा काढून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. बंदीचा खरा फटका बसतो तो ज्याला सल्लागार म्हणून काही असतो हेच माहीत नाही त्याला, ज्याला प्रवेशाच्या वेळी कोणीतरी हसतमुखाने ‘नंतर बदलता येईल’ असे सांगितले आणि ज्याने ते खरे मानले त्याला. चतुरांना पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात भोळेच सापडतात आणि चतुर काठावर बसून पाहतात. खोटी आवड ओळखण्याचा उपाय तर प्रतिपक्षाच्या हातातच आहे: कॅल्क्युलसच्या तिसऱ्या पाठाची परीक्षा. तेथे सल्लागाराला निबंध दुरुस्त करता येत नाही.

आता मी ज्या गोष्टीकडे वळतो ती सांगताना स्नेह्यांची क्षमा मागतो. १९७५ नंतर आपल्याकडे दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध येऊन बारावीची परीक्षा रूढ होण्यापूर्वी महाराष्ट्रात इंजिनिअर होण्याचा राजमार्ग कोणता होता? शाळान्त परीक्षा झाल्यावर मुलगा फर्ग्युसनमध्ये, एस्‌. पी.मध्ये, विल्सनमध्ये किंवा रुईयामध्ये नाव घाली. तेथे दोन वर्षे गणित, भौतिक आणि रसायन शिके. विद्यापीठाची इंटर सायन्सची परीक्षा देई. आणि त्या परीक्षेतल्या गुणांवर पुण्याच्या किंवा माटुंग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला प्रवेश मिळे. म्हणजे एका पिढीतला जवळजवळ प्रत्येक मराठी अभियंता त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजातून इंजिनिअरिंगला आलेला आहे. कोणी इंटरला गणितात कच्चा निघाला म्हणून बी. एस्सी.कडे वळला, कोणी डॉक्टर व्हावयाचे म्हणून आला आणि बेडूक कापण्याच्या किळसेने इंजिनिअर झाला, कोणी केवळ शेजारच्या बाकावरच्या मित्राने अर्ज भरला म्हणून भरला. सतराव्या वर्षी त्यांच्यापैकी कितीजणांचे ध्येय निश्चित होते हे त्यांनी आपापल्या मनाशी आठवून पाहावे. माझे स्नेही स्वतः रुईयातून व्हीजेटीआयमध्ये आले. माटुंग्यात एका कॉलेजातून दुसऱ्यात पायी जाता येते, आणि ते गेले. त्या वाटेला त्यांनी आजवर मागची वाट म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. यावर ते म्हणतील, की तेव्हा सर्वांनाच तोच एक मार्ग होता, पुढचे आणि मागचे असा भेदच नव्हता. माझे म्हणणे तेच आहे. तो भेद विद्येच्या स्वरूपातून उत्पन्न झालेला नाही, प्रवेशाच्या वेळापत्रकातून झालेला आहे, आणि वेळापत्रके माणसे करतात.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून ते बी. ए. झाले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, स्थापत्य शिकावयास आले, आणि १८८३ साली मुंबई विद्यापीठाच्या स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले. कॉलेजच नव्हे, विद्यापीठही बदलून आलेला हा कलाशाखेचा पदवीधर पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दारे बसवून मोकळा झाला. दारांविषयी पुण्यात कोणाला काही शिकावयाचे असेल तर ते त्यांच्यापासून शिकावे.

आणि आज? आपली व्यवस्था कठोर, अमेरिकेची उदार, असा सर्वसाधारण समज आहे. पण या एका बाबतीत कागदावर तरी उलट आहे. महाराष्ट्रात पदविकाधारक विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो, त्यासाठी मंजूर जागांच्या वर स्वतंत्र तरतूद आहे आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात. बारावीला गणित घेतलेल्या बी. एस्सी. पदवीधरालाही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनी ही मुभा दिलेली आहे. पदविकाधारकांचा क्रम आधी लागतो आणि बी. एस्सी.वाल्याला उरलेल्यांतून मिळते, तीन वर्षांची पदवी पदरात असूनही त्याला दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करावी लागते, हा कंजूषपणा आहेच. पण त्या नियमातले एक कलम मला फार आवडते: त्याने पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी आरेखन आणि अभियांत्रिकी यामिकी हे दोन विषय दुसऱ्या वर्षाबरोबर पुरे करावेत. तुझ्यात काय उणे आहे ते नाव घेऊन सांगणारा आणि ते भरून काढण्याची सोय करणारा हा नियम आहे. ‘तू उशिरा आलास’ एवढेच सांगून दार लावून घेणाऱ्या नियमापेक्षा तो कितीतरी सभ्य.

अमेरिकेच्या ज्या विद्यापीठांविषयी आपण बोलतो आहोत त्यांपैकी इलिनॉय, पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम आणि बर्कले यांची पाळेमुळे २ जुलै १८६२ रोजी लिंकनने सही केलेल्या मॉरिल कायद्यात आहेत. तत्पूर्वी बुकॅनन या अध्यक्षाने तसेच एक विधेयक १८५९ साली नामंजूर केले होते. या कायद्याने प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील दर सदस्यामागे ३०,००० एकर जमीन इनाम मिळाली (ती जमीन मूळची कोणाकडून घेतलेली होती याचा हिशेब वेगळा, आणि तो अद्याप चुकता झालेला नाही), आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी, पण इतर विज्ञाने आणि अभिजात विद्या न वगळणारी कॉलेजे काढावयाची होती, तीही कष्टकरी वर्गांच्या शिक्षणासाठी. इलिनॉयचे १८६७ सालचे मूळ नावच ‘इंडस्ट्रियल युनिव्हर्सिटी’ असे होते. ते १८८५ मध्ये बदलले. यंत्रविद्या आणि साहित्य एका आवारात आणण्यामागे त्या कायद्याचा हेतू मुलांना एकीकडून दुसरीकडे जाता यावे हा असेल, की त्यांनी एकमेकांकडे कुंपणावरून पाहत राहावे हा असेल, याचा निर्णय वाचकांनी करावा.

‘मग काय, मागेल त्याला द्यावयाचे?’ असे माझे स्नेही शेवटी विचारतात. नाही. कसोटी कडक ठेवा. तिला माझी हरकत नाही. मात्र ज्या दिवशी विद्यार्थी विद्यापीठात पाऊल टाकतो त्या दिवशी ती कसोटी लेखी त्याच्या हाती द्या, आणि तो तिची तयारी करीत असताना मध्येच ती बदलू नका. प्रत्येक शाखेसाठी गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले हा आकडा प्रवेशपत्राबरोबर छापा, म्हणजे ‘नंतर बदलता येईल’ या तोंडी आश्वासनावर कोणी आयुष्याची दोन वर्षे लावणार नाही. नकार द्यावयाचा असेल तर तो दुसऱ्या सत्राच्या अखेरीस द्या, पाचव्या नव्हे. दुसऱ्या वर्षी जेवढ्या जागा रिकाम्या होतील तेवढ्या तरी आतल्याबाहेरच्यांत गुणांवर वाटा. आणि स्थितिकीच्या वर्गात नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून दहा-वीस जागा दुसऱ्या कॉलेजांच्या मुलांसाठी मोकळ्या ठेवा. तेवढ्याने कोणत्याही प्रयोगशाळेचे छप्पर खाली येणार नाही.